स्मृतिदिन आणि घरातील चूल



२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली या दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान धारातीर्थी पडले. भामरागडला मात्र हा दिवस लडाखइतका दूरचा नाही. याच तालुक्यात लाहेरीजवळ ८ ऑक्टोबर २००९ रोजी माओवाद्यांशी लढताना १७ पोलिसांनी प्राण वेचले. इंग्रजांनी वीर बाबूराव शेडमाके यांना १८५८ साली चांद्यात फासावर चढविले, ती तारीखही २१ ऑक्टोबरच.

असा हा दिवस कवायतीच्या मैदानावरच संपतो. शोकशस्त्र, मौन, पुष्पचक्र. घरात काहीच घडत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे निराळे चित्र दिसते. २५ एप्रिल १९१५ रोजी त्यांचे सैनिक गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ घरोघरी 'अँझॅक' बिस्किटे भाजली जातात. ओट, मैदा, खोबऱ्याचा कीस, लोणी आणि काकवीसारखा पाक. अंडे नाही, त्यामुळे ती टिकतात. आघाडीवर पाठविण्यासाठी ती घडली, अशी लोकश्रद्धा आहे. खंदकातले बिस्कीट प्रत्यक्षात दगडासारखे असे. तरीही ऑस्ट्रेलियात 'अँझॅक' हे नाव कायद्याने जपले आहे आणि मूळ कृती फारशी बदलून ते नाव लावता येत नाही. त्या रणभूमीवर आपले शीख आणि गुरखा सैनिकही झुंजले होते, हे आपल्याकडे कितीजणांना ठाऊक असते?

आपल्याकडे नानकटाई आहे. दिवाळीच्या तोंडावर तूप, मैदा, पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीपाशी क्रमांक लावणाऱ्या गृहिणी मराठी शहरांनी पाहिल्या आहेत. तीतही अंडे नसते. भामरागडला भट्टी नसली तरी जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून, वर ताटली व झाकण ठेवून ती चुलीवर होते. पिठात थोडी भाजून कुटलेली मोहफुले घालावीत. मोह म्हटला की शहरी माणसाला फक्त दारू आठवते; माडिया घरांत मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे वेचून वाळवलेली ही फुले अन्न म्हणून साठवली जातात.

घाणा निघेपर्यंत मुले चुलीभोवती असतात. लाहेरी कोठे, शेडमाके कोण, हे तेव्हाच सांगावे. पहिला डबा वीरगती मिळालेल्या जवानाच्या घरी जावा, दुसरा दिवाळीतही रजा न मिळालेल्या जवानांच्या ठाण्यावर. तूप मात्र बेताने घालावे. मोहामुळे पीठ लवकर सैल होते.