सणासुदीचं दूरदर्शन आणि आपला सभामंडप

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘आमच्या वेळची करमणूक’ आणि वेळ दिलीय दहा मिनिटं. सारा जन्म बँकेत गेला, त्यामुळे वेळेत हिशेब मिटवायची सवय आहे. काळजी नसावी.

आमच्या पिढीची करमणूक म्हणजे सणासुदीचं दूरदर्शन. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपणामुळे ते पुण्यात दिसू लागलं. आपल्या बारामतीला, आणि त्याहून लांब इंदापूरला, चित्र यायचं ते उंच पाइपावरच्या अँटेनाच्या कृपेने. एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवतोय, दुसरा अंगणात उभा, आणि आतून आरोळी, “आलं, आलं... गेलं!” पडद्यावर गायकापेक्षा मुंग्या जास्त. तरी माणूस जागचा हलत नसे.

‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘छायागीत’ हे नेहमीचे कार्यक्रम होतेच. पण सणाची बात न्यारी. ‘साप्ताहिकी’त पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगत, ते लोक कागदावर टिपून ठेवत. बाबूजी म्हणजे सुधीर फडके, वसंतराव देशपांडे, जितेंद्र अभिषेकी, रामदास कामत, शाहीर साबळे ही मंडळी प्रत्यक्ष बघायची तर पुण्या-मुंबईला जाऊन तिकीट काढायला हवं. ती आता थेट आपल्या आळीत आली. नाट्यगीतं रेडिओवर सगळ्यांनी ऐकलेली, पण तान घेताना वसंतरावांचा चेहरा कसा खुलतो ते टीव्हीवर कळलं. सुलोचनाबाई चव्हाण डोक्यावर पदर घेऊन लावणी गायच्या. लावणीचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या आयाबाया त्यांना बघून दारातून आत येऊन बसल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बाबूजी आणि गदिमांचं गीतरामायण १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. एकूण ५६ गीतं. पुढे बाबूजी टीव्हीवर दिसले, तेव्हा रेडिओला हार घालणारी माणसं टीव्हीपुढे हात जोडून बसली. मोरोपंतांच्या या गावात आज विद्या प्रतिष्ठानमध्ये गदिमांच्या नावाचं सभागृह आहे, याचा आनंद वाटतो.

आता ३१ डिसेंबरची गंमत. दिल्लीहून नववर्षाचा खास कार्यक्रम असायचा. हातात डफ घेऊन गाणारा गुरदास मान अशाच कार्यक्रमातून देशाला माहीत झाला. पण बँकांचं वर्ष तेव्हा ३१ डिसेंबरला संपायचं, मार्चएंड आला तो १९८९ पासून. म्हणजे सगळा गाव टीव्हीपुढे आणि आम्ही इंदापूरच्या शाखेत बॅलन्स जुळवतोय! कार्यक्रम मला दुसऱ्या दिवशी चहाबरोबर घरच्यांकडून ऐकायला मिळे. कोणी काय घातलं होतं, कोण कसं गायलं, सगळं साभिनय.

हे रडगाणं नाही. आज सह्याद्री आणि प्रसारभारतीच्या यूट्यूब चॅनेलवर त्यातलं बरंच काही मोबाइलवर मिळतं, मीही बघतो. पण सगळं नाही मिळत. त्या काळी टेप महाग होत्या, म्हणून जुन्यावरच नवीन चित्रण करत. कितीतरी गाणी अशी कायमची पुसली गेली.

मुद्दा इथे येतो. आपल्या सोसायटीतही पंचवीस वर्षं कोजागरी आणि दिवाळीला कार्यक्रम झाले. पहिली काही वर्षं कोणी ना कोणी हँडीकॅमवर चित्रण करायचं. दर पाडव्याला पेटी घेऊन बसणाऱ्या ‘बी’ विंगमधल्या आपल्या काकू आज आपल्यात नाहीत. त्यांचं गाणं कुणाच्या तरी माळ्यावरच्या कॅसेटमध्ये आहे, आणि कॅसेटला बुरशी धरते. काकूंच्या नातवंडांनी आजीचा आवाज ऐकलेला नाही.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, घरात अशा कॅसेट असतील तर तुळशीच्या लग्नाच्या आत सोसायटीच्या ऑफिसात आणून द्या. त्यांची डिजिटल प्रत करायचा खर्च मी आणि दोन ज्येष्ठ सभासद उचलू. दुसरी, मागच्या सर्वसाधारण सभेत सूचना आली की दिवाळीचा कार्यक्रम बंद करून ते पैसे रंगकामाला वापरावेत. रंग हवाच, त्यासाठी वेगळी वर्गणी काढा, पहिली पावती माझी फाडा. पण कार्यक्रम बंद करू नका. आज इथे बऱ्याच फ्लॅटमध्ये दोनच म्हातारी माणसं राहतात. मुलं पुण्याला नाहीतर परदेशी. टीव्ही प्रत्येकाकडे आहे, पण शेजारी बसून “वा!” म्हणणारं कोणी नाही. पूर्वी ज्याच्या घरी टीव्ही, त्याचं दार सणाला सगळ्यांना उघडं असे. आता आपलं ते दार म्हणजे हा सभामंडप. तो वर्षातून दोन रात्री तरी उघडा राहू द्या.

दहा मिनिटं झाली.