पाळणाघरातील मदतनीस आणि आपण मालक

(पाळणाघरे चालविणाऱ्या शाखांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आजवर आपण मालकाच्या दारी मागणीपत्र घेऊन गेलो. परंतु सभासद भगिनींच्या मुलांसाठी शाखेने पाळणाघर काढले, तेथे पहिली मदतनीस ठेवली, त्या दिवशी आपणही मालक झालो. आम्हाला हे उशिरा उमगले, ही कबुली आधीच दिलेली बरी.

आमच्याकडे एक बाई तीन वर्षे होत्या. दरमहा व्हाउचरवर सही, रकान्यात ‘मानधन’. एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा हात मोडला. आम्ही वर्गणी काढली, तीही चांगली जमली. पैसे घेताना बाई म्हणाल्या, “भाऊ, हेच कारखान्यात झालं असतं तर तुम्ही गेटवर बसला असता ना?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

कामाची वेळ आपण ठरवतो, रजा आपण देतो, चुकले तर आपण बोलतो. मग तो पगारच. नाव मानधन ठेवल्याने काही बदलत नाही. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. तेथेही सरकारची ढाल ‘मानधन’ हीच होती.

आमच्या खजिनदारांनी एक युक्ती सुचवली होती : रक्कम व्यावसायिक फी म्हणून दाखवा, दहा टक्के कर कापा, मोकळे व्हा. मदतनिसाचे उत्पन्न करपात्रच नसते. कापलेले पैसे परत मिळवायला तिने विवरणपत्र भरत बसायचे! पगार म्हणून दाखवला तर एवढ्या रकमेवर आयकर कापावा लागत नाही. व्यवसायकर राज्याराज्यांत निराळा. महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो २०२३ पासून माफ आहे. दिल्लीत तो नाहीच. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणीही राज्यागणिक बदलते, ती आपापल्या ठिकाणी विचारून घ्यावी.

खरी गफलत होते माणसे मोजण्यात. “पाळणाघरात चौघीच आहेत, आम्हाला काही लागू नाही,” असे अनेक शाखा सांगतात. पण पाळणाघर शाखेचाच विभाग असेल तर कार्यालयातले सातजणही त्यात धरायचे. झाले अकरा! दहापासून राज्य विमा, विसापासून भविष्य निर्वाह निधी. दहा झाले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही नेमावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांवरचे आपले म्हणणे वेगळ्या सभेत मांडू. तूर्त एवढे ध्यानात ठेवा की प्रत्येकीला नेमणूकपत्र द्यायचे आहे आणि महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत.

नेमणुकीपूर्वी पोलीस पडताळणी करून घ्या. २०१६ मध्ये नवी मुंबईतील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण आपण विसरलेलो नाही. मात्र पडताळणीचा खर्च तिच्या पगारातून कापू नका; हेही आम्ही पाहिले आहे.

खर्चाचे म्हणाल तर, बारा हजार पगारावर विम्याचा मालकी हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे ३९० रुपये. तिचा पाऊण टक्का, ९० रुपये. चौघींचा आपला हिस्सा १,५६० रुपये. आमच्याकडे मुले २६. दर मुलामागे महिना साठ रुपये फी वाढवावी लागली. त्यावर सभेत दीड तास वाद झाला. शेवटी ठराव संमत झाला आणि पहिले विमा कार्ड त्या हात मोडलेल्या बाईंचेच निघाले.