जखमेवर रेशमाची पट्टी
(रेशीम उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कोषांचे पैसे हाती आले की पुढे त्या कोषांचे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. धागा निघतो, पैठणी विणली जाते, एवढे ठाऊक असते. आता याच कोषापासून जखमेवर लावायची पट्टीही तयार होते. बंगळूरमध्ये तिचे उत्पादन होते. मग कोषाला औषधाचा भाव मिळेल काय, असा प्रश्न तुम्ही विचारता, म्हणून हा विषय घेतला आहे.

डॉक्टरांना रेशीम नवे नाही. टाके घालण्यासाठी रेशमी दोरा शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. धाग्याच्या गाभ्यात फायब्रॉइन हे प्रथिन असते व त्यावर सेरिसिन या डिंकासारख्या प्रथिनाचा लेप असतो. लेपासह कच्चे रेशीम काहींच्या अंगाला सोसत नाही, म्हणून तो आधी काढतात. प्युपा काढलेली कवचे धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात उकळली की डिंक सुटतो. उरलेले फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या तीव्र द्रावणात विरघळवितात, नंतर क्षार काढून टाकतात आणि राहिलेल्या द्रवापासून पातळ पापुद्रा किंवा स्पंज बनवितात.

जखम ओलसर राहिली तर लवकर भरते. साधी सुती जाळी सुकून चिकटते आणि काढताना नवी कातडी घेऊन निघते. विळा लागलेल्यांना हे सांगायला नको. फायब्रॉइनचा पापुद्रा ओल धरतो, त्याच्या आधाराने नव्या पेशी वाढतात आणि अंगात राहिलेला भाग शरीरातील विकरे हळूहळू विरघळवितात.

आता भावाचे. एक किलो चांगल्या बायव्होल्टाइन ओल्या कोषांत कवच सुमारे २०० ग्रॅम व त्यात फायब्रॉइन १४० ते १५० ग्रॅम भरते. एका पट्टीला यातले फारच थोडे लागते. तेव्हा या मागणीच्या भरवशावर तुतीचे क्षेत्र वाढवू नका. रामनगरला किंवा २०१८ साली सुरू झालेल्या जालन्याच्या कोष बाजारात भाव ठरतो तो धागा किती व कसा निघेल यावरच. मला उपयोग दिसतो तो वेगळाच. दुहेरी किंवा उझी माशीने भोक पाडलेल्या कोषातून अखंड धागा निघत नाही, पण फायब्रॉइन तेच असते आणि येथे धागा विरघळवायचाच असतो. असे कोष डागी कोषांत न मिसळता, नीट वाळवून, बुरशी लागू न देता वेगळे ठेवा. मात्र गिऱ्हाईक पक्के झाल्याशिवाय जादा दर गृहीत धरू नका.

आणि कृपा करून घरचा कोष किंवा रेशमी चिंधी जखमेवर बांधू नका, तिची राखही भरू नका. कारखान्यातील पट्टी निर्जंतुक केलेली असते, तुमच्या चंद्रिकेवरचा कोष नसतो. शेतात जखम झाली तर ती साबण व स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली असेल तर एक दिवसही थांबू नका. पट्टी कोणती लावायची ते डॉक्टर ठरवतील.