बुलेटचे टॅपेट



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमेवरच्या तालुक्यांत वडिलांच्या काळातील बुलेट मोटारसायकल अजूनही पुष्कळ घरांत जपलेली आढळते. मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी १९५५ साली स्थापन झाली. आरंभी सुटे भाग इंग्लंडहून येत व येथे जोडले जात. त्या घराण्यातील बिडाच्या सिलिंडरच्या गाडीविषयीच मी बोलणार आहे. पुढच्या काळातील हायड्रॉलिक टॅपेटच्या बुलेटना ही जुळणी करावी लागत नाही.

इंजिनात दोन व्हॉल्व्ह असतात. एक पेट्रोलमिश्रित हवा आत घेतो, दुसरा जळलेला वायू बाहेर सोडतो. त्यांना उघडण्याचे काम दोन पुशरॉड करतात. व्हॉल्व्ह मिटलेला असताना पुशरॉडवर ताण असता कामा नये. एवढ्यासाठी किंचित फट राखावी लागते. ती वाढली की टकटक ऐकू येते आणि मालक अस्वस्थ होतो. परंतु खरा धोका फट नाहीशी होण्यात आहे. व्हॉल्व्हची बैठक झिजत जाते, तसतशी फट कमी होते आणि आवाज मात्र काहीच होत नाही. वर्गातील गडबड्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष जाते, निमूटपणे मागे पडणारा मात्र राहून जातो. तसाच हा प्रकार आहे. व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः बैठकीला टेकून सोडतो. तो पुरता टेकला नाही, तर जळता वायू त्याच्या कडेने निसटतो आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. मग हुमनाबाद-कलबुर्गी रस्त्यावर, भर वैशाखात, गाडी ढकलण्याची पाळी येते.

ही जुळणी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर करावी. प्लग काढावा. सिलिंडरच्या पायथ्याशी उजव्या बाजूस असलेले टॅपेटचे झाकण उघडावे. वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने सावकाश पुढे फिरवावे. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा पुशरॉड वर जाऊन खाली आला, की त्यानंतर पिस्टन माथ्यावर येईल तेथे थांबावे. या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात.

आता प्रत्येक पुशरॉड चिमटीत धरून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खुळखुळता कामा नये. एक्झॉस्टचा पुशरॉड किंचित अधिक मोकळा असला तरी चालेल. ही फट डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळते. बदल करणे असल्यास खालचा चेकनट सैल करून जुळणीचा स्क्रू थोडा थोडा फिरवावा आणि चेकनट पुन्हा आवळावा. आवळताना माप हमखास सरकते, म्हणून पुशरॉड पुन्हा फिरवून पाहावा. मनाजोगते होईपर्यंत हे तीन-चार वेळा करावे लागले तरी कंटाळू नये. झाकणाचा नट बेतानेच कसावा. अति जोर केल्यास आटे जातात.

दोन-तीन हजार किलोमीटरमागे एकदा एवढे करावे. आणि गाडी पूर्वीपेक्षा मऊ, बिनआवाजी वाटू लागली, तर समाधान न मानता त्याच आठवड्यात झाकण उघडावे.