प्रशिक्षण संपलं, आता पाठीशी कोण?

(गावोगावी कामाला निघालेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिराच्या समारोपात केलेलं भाषण)

शिबिराचा शेवटचा दिवस म्हटला की प्रमाणपत्रं, फोटो आणि एस.टी. चुकेल म्हणून चाललेली घाई. अशा वेळी लांबलचक भाषण कोणालाच नको असतं, हे मला ठाऊक आहे. पण संयोजक मैत्रिणींनी सांगितलं, की परदेशात स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या बायकांचं प्रशिक्षण कसं असतं ते सांगा. तुम्हीही उद्यापासून परक्या गावांत कामाला जाणार आहात, म्हणून मीही हो म्हटलं.

उदाहरण घेते अमेरिकेच्या 'पीस कोअर'चं. अध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी आदेश काढून ही योजना सुरू केली. निवडलेली माणसं दुसऱ्या देशात दोन वर्षं राहून शाळेत, दवाखान्यात, शेतीत काम करतात. त्याआधी साधारण तीन महिन्यांचं प्रशिक्षण असतं. या तीन महिन्यांत त्या मुलीला कोणी स्वयंसेवक म्हणत नाही. ती प्रशिक्षणार्थीच. भाषा शिकायची, कामाची ओळख करून घ्यायची, आजार आणि सुरक्षितता समजून घ्यायची. शेवटी शपथ. शपथ घेतली की ती स्वयंसेवक झाली.

सुरुवातीच्या वर्षांत हे प्रशिक्षण बहुतेक अमेरिकेतल्याच विद्यापीठांत होई. पोर्तो रिकोच्या शिबिरात तर कडे चढायलाही लावत. मानसशास्त्रज्ञ पारख करत आणि कोणाला शेवटच्या आठवड्यातही घरी पाठवत. सगळी परीक्षा जाणाऱ्याची. पुढे प्रशिक्षण त्या त्या देशात हलवलं आणि प्रशिक्षणार्थी गावातल्या कुटुंबात राहू लागले. बादलीभर पाण्यात आंघोळ कशी उरकायची, कोणाच्या घरी चपला कुठे काढायच्या, काय बोललं तर माणसं दुखावतात, हे पुस्तकात नसतं. ते शिकवते बहुतेकदा त्या घरातली बाई. प्रमाणपत्रावर तिची सही नसते. आपल्याकडे तरी कुठे असते? गावात गेल्यावर ज्या बाईच्या चुलीपाशी बसून तुम्ही काम शिकाल, ती तुमची पहिली शिक्षिका, एवढं लक्षात ठेवा.

१९६१ सालच्या दोन गोष्टी सांगते. पहिली तुकडी ऑगस्टमध्ये घानाला गेली. ही माणसं अक्राच्या विमानतळावर उतरली आणि त्यांनी तिथल्या ट्वी भाषेत गाणं म्हटलं. लोक खूश झाले. दुसरी गोष्ट ऑक्टोबरमधली, नायजेरियातली. मार्जरी मिशेलमोर ही तेवीस वर्षांची मुलगी. हार्वर्डला प्रशिक्षण घेऊन आलेली, इबादानच्या विद्यापीठात तिचं पुढचं प्रशिक्षण चालू होतं. तिने मित्राला कार्ड लिहिलं आणि त्यात तिथल्या राहणीचं, अस्वच्छतेचं वर्णन मागासलेपणाच्या भाषेत केलं. कार्ड टपालात पडण्याआधीच एका विद्यार्थ्याच्या हाती लागलं. त्याच्या प्रती निघाल्या, सभा झाली, या पाहुण्यांना परत पाठवा अशी मागणी झाली. नायजेरियाला स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांना ते शब्द लागले यात नवल काय? मिशेलमोरने माफी मागितली आणि ती मायदेशी परतली.

या मुलीला वाईट ठरवायला मी हे सांगत नाही. आपणही वस्तीतून आल्यावर आपापसांत काय बोलतो ते आठवून पाहा. 'अहो, त्या बायकांना काही कळतच नाही!' हेही एक उघडं कार्डच आहे.

आता आपल्या घराजवळची गोष्ट. लिलियन कार्टर या नर्स होत्या. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई. १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या पीस कोअरमधून मुंबईला आल्या. या वयात आपल्याकडे बाईला देवदर्शन आणि नातवंडं एवढंच काम सुचवतात. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्या राहिल्या. त्यांना आधी काम मिळालं ते कुटुंबनियोजनाचं. त्या काळातला कुटुंबनियोजनाचा आकड्यांचा सोस आपल्याला माहीत आहे. त्यात बाईचं म्हणणं विचारायला कोणाला वेळ नव्हता. पुढे त्या दवाखान्यात रमल्या. तिथे आजारी माणूस समोर होता आणि त्यांच्या हातात नर्सचं कसब होतं. प्रशिक्षणात मिळालेलं काम आणि गावाला हवं असलेलं काम हे नेहमीच एक असत नाही. ते ओळखून बदल मागण्यात कमीपणा नाही.

इथवर मी सांगितलं ते जाणाऱ्या बाईने काय शिकायचं हे. पण मला खरं बोलायचं आहे ते पाठवणाऱ्यांबद्दल.

केट पुझी ही चोवीस वर्षांची मुलगी आफ्रिकेत बेनिनमधल्या एका गावी शाळेत शिकवत होती. तिचं प्रशिक्षण रीतसर पूर्ण झालं होतं, गावात ती रुळली होती. शाळेतल्या मुलींचं लैंगिक शोषण होतंय असा तिला संशय आला. ज्याच्यावर संशय होता तो पीस कोअरसाठीच काम करत होता. तिने वरिष्ठांना विश्वासाने कळवलं. मार्च २००९ मध्ये तिचा खून झाला. तिने कळवलेली गोष्ट गुप्त ठेवली गेली नाही, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. २०११ मध्ये बलात्कार सोसलेल्या माजी स्वयंसेविका अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलल्या. अत्याचार झाला तेव्हा आपल्यालाच दोष दिला गेला, असं त्यांनी सांगितलं. नोव्हेंबर २०११ मध्ये केटच्या नावाने कायदा झाला. लैंगिक अत्याचाराबद्दलचं प्रशिक्षण, तक्रार करणाऱ्याची गुप्तता, पीडितेची बाजू घेणारं वेगळं कार्यालय, हे सगळं त्यात आलं.

म्हणजे योजना सुरू होऊन पन्नास वर्षं झाली तेव्हा हे कायद्यात आलं! तोवर 'सांभाळून राहा' एवढं मुलींना शिकवणं सोपं होतं. 'तुला काही झालं तर आम्ही काय करू' हे शिकायचं होतं संस्थेने.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. राजस्थानातली भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली साथिन होती. तिला प्रशिक्षण दिलं, गावातले बालविवाह थांबव म्हणून सांगितलं. तिने ते काम केलं, म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. ती कामावर असताना हे घडलं, तर तिला कामाला लावणाऱ्यांची जबाबदारी कोणती, हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा झाला. त्या निकालाचा आधार आपण सगळ्या घेतो. भंवरीला स्वतःला मात्र न्यायासाठी ताटकळत राहावं लागलं.

म्हणून आज प्रमाणपत्र हातात घेण्याआधी संघटनेला चार प्रश्न विचारा. अडचण आली तर मी कोणाला सांगायचं? ती व्यक्ती माझं बोलणं स्वतःजवळ ठेवील का? आपल्याच एखाद्या कार्यकर्त्याविरुद्ध बोलायची वेळ आली तर माझं ऐकणार कोण? आणि मला परत यावंसं वाटलं, तर मला 'टिकली नाही' म्हणणार की गाडीभाडं पाठवणार?

संयोजक मैत्रिणींनो, ही उत्तरं तोंडी नकोत. प्रत्येकीच्या प्रमाणपत्राबरोबर ती कागदावर लिहून द्या, खाली नाव आणि सही करा. मुलींनी तीन आठवडे परीक्षा दिली आहे. आता आपली पाळी.

एस.टी.ला अजून अर्धा तास आहे. तेवढ्या वेळात हे होण्यासारखं आहे.