कंसातली नावं

जुना सातबारा हातात घेतलात तर काही नावांभोवती कंस दिसतो. 2020 पासूनच्या नव्या नमुन्यात त्याच जागी आडवी रेघ असते. म्हणजे त्या माणसाचा हक्क उतरला; का उतरला ते फेरफारात लिहिलेलं असतं. घर घेणारा बिनकंसाचं नाव वाचतो आणि उतारा घडी करून पिशवीत ठेवतो. माझं सांगणं आहे, कंसातली नावं आधी वाचा.

का, ते सोलापुरात पाहा: 1992 साली महापालिकेची हद्द वाढली आणि शेळगी, बाळे, सोरेगाव, कुमठे शहरात आली. आज तिथं प्लॉट आहेत, पण ती मुळात ज्वारीची रानं. रान एकट्याचं नसतं, एकत्र कुटुंबाचं असतं. बाप वारला की भावांची नावं कब्जेदार म्हणून लागतात. बहिणींची कित्येकदा ‘इतर हक्कात’ लोटली जातात, कधी लागतच नाहीत. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि संसदेनं 2005 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. 2005 साली बाप हयात नसला तरी हा वाटा जन्मानंच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या विक्रीला मात्र 2005 च्या कायद्यानं धक्का लागत नाही. त्यानंतर भावानं परस्पर विकलेल्या जागेवर बहीण दावा लावते, तेव्हा तिला लोभी म्हणू नका. ती आपलंच मागते. चूक तिला न विचारणाऱ्याची आहे. इसार देण्याआधी बहिणींना भेटा. हक्कसोड झालं म्हणत असतील तर ते नोंदणीकृत आहे का, ते पाहा.

दुसरं दुखणं बॉन्डचं. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्याशा तुकड्याची खरेदी नोंदवताना अडचण येत असे, म्हणून बॉन्डवर नोटरी करून कब्जा दिला जात असे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदलेल्या खरेदीखताशिवाय विकत घेता येत नाही, हे 1882 पासून कायद्यात आहे. घरपट्टीची पावती नावावर झाली की माणसं निर्धास्त होतात. पण त्या पावतीनं मालकी ठरत नाही. गुंठेवारी नियमित करायला 2001 चा कायदा आहे. नियमित झाल्याचा दाखला मागा. ‘होणारच आहे’ असं उत्तर आलं तर पैसे काढू नका.

यंत्रमागावर तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचा फंड, विड्या वळणाऱ्या बाईची भिशी, हे सगळं इसारापोटी एका दुपारी हातातून जातं. ते पाहिलं की माझा जीव तुटतो. कारण हे टाळता येतं. फेरफाराची नक्कल तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. नोंदलेल्या दस्तांची सूची दोन नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. साखर पेठेतल्या जुन्या घराला सातबारा नसेल, तिथं सिटी सर्व्हेचा उतारा काढा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च करून घ्या आणि त्याच्याकडे जाताना उताऱ्यावरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल सोबत न्या.