आधी कणगी रिकामी करा



आजचा विषय आहे शाळेतल्या प्रयोगशाळेतलं प्रकाशसंश्लेषण. हिरवं पान उन्हात स्वतःचं अन्न तयार करतं हे सातवीचं लेकरूही सांगतं, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते एका कुंडीबद्दल. प्रयोगाआधी ती दोन दिवस अंधारात ठेवायची असते, आणि ती कुणी ठेवत नाही.

चाकूर तालुक्यात मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. पानावर काळ्या कागदाची पट्टी लावायची, ऊन दाखवायचं, हिरवा रंग काढून टाकायचा आणि आयोडीन घालायचं. झाकलेला भाग पिवळट, उघडा भाग निळाकाळा. हा प्रयोग प्रत्येक प्रयोगवहीत आहे, सुबक आकृतीसकट. पण होतं काय? तास असतो अर्ध्या-पाऊण घंट्याचा. आवारातल्या जास्वंदीला सकाळी दहाला पट्टी लावली, बाराला पान तोडलं. आयोडीन घातल्यावर सगळंच पान निळंकाळं, पट्टीखालचंसुद्धा. आणि वहीत लिहिलं जातं, 'झाकलेला भाग निळा झाला नाही.' का? तर पुस्तकात तसं आहे म्हणून!

आता हे असं का होतं बघा. तुमच्या घरी कणगी असेल, जुन्या वाड्यात बळद असेल. यंदाची ज्वारी घरात आली का, हे बघायला तुम्ही कणगीत हात घातला. हाताला ज्वारी लागली. पण ती यंदाची की गेल्या सालची? हे कळायचं तर सुगीच्या आधी कणगी रिकामी करून, झाडून ठेवलेली पाहिजे. मग जो दाणा दिसेल तो नवा. पानाचंही असंच. दिवसा उन्हात ते साखर बनवतं, जास्तीची साखर पिष्टाच्या रूपानं साठवतं (आयोडीननं निळं होतं ते हेच पिष्ट) आणि रात्री त्यातलं काढून झाडाला पुरवतं. कुंडी २४ ते ४८ तास अंधारात ठेवायची ती एवढ्याचसाठी, की झाडानं ती कणगी खाऊन संपवावी. आणि संपली की नाही हेही बघायचं. पट्टी लावायच्या आधी त्याच झाडाचं एक पान तोडून आयोडीन घालायचं. निळं झालं तर कणगीत जुना दाणा आहे, अजून थांबा. एवढी तपासणी करणारे मला फार थोडे भेटले.

हिरवा रंग काढायच्या स्पिरिटचंही सांगतो, कारण त्यात पोरांचे हात भाजतात. पान आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, मग परीक्षानळीत स्पिरिट घेऊन त्यात टाका. ती नळी ज्योतीवर धरायची नाही. स्पिरिट ७८ अंशाला उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते. पाणी उकळलं की ज्योत विझवा आणि मग त्या गरम पाण्याच्या चंचुपात्रात नळी उभी करा, तेवढ्या उष्णतेवर काम होतं. स्पिरिट हळूहळू हिरवं होत जातं आणि पान पांढरट पडतं. बाहेर काढलं की ते पापडासारखं कडक असतं, बोट लागलं की मोडतं. परत कोमट पाण्यात बुडवलं की मऊ होतं. मग आयोडीनचे थेंब. पट्टीची कड जिथं होती तिथं निळ्याची रेघ उमटताना ज्यानं एकदा पाहिली, त्याला पाठांतर करावं लागत नाही.

एक गोष्ट माझ्या मनात अजून सलते. आठवीतल्या एका मुलानं शेतातून कांद्याची पात आणली होती. सगळं नीट केलं त्यानं, पण पात काही निळी होईना. मी म्हणालो, 'तुझा प्रयोग चुकला. वहीत निळं झालं म्हणून लिही.' त्यानं लिहिलं. पुढं माझ्या वाचनात आलं की कांद्याच्या पातीत पिष्ट साठतच नाही, ती साखरच ठेवते. म्हणजे तिची कणगीच वेगळी! मुलाचं बरोबर होतं, आणि मी त्याच्याकडून खोटं लिहून घेतलं.

जगदीशचंद्र बोस आपल्याला झाडाची वाढ मोजणाऱ्या क्रेस्कोग्राफमुळं माहीत आहेत. पण १९२४ साली त्यांनी प्रकाशसंश्लेषणावरही एक ग्रंथ प्रसिद्ध केला. काम कशावर केलं? हायड्रिलावर. तळ्यात वाढते, आपण सरसकट शेवाळ म्हणून बाजूला सारतो, तीच पाणवनस्पती. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्यासारखी वागत नाही, असं त्यांना दिसलं. तेव्हाच्या पुस्तकात ते बसत नव्हतं. तरी त्यांनी लिहून ठेवलं. त्याचा अर्थ लागायला कितीतरी वर्षं गेली. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानांवरचं काम प्रसिद्ध केलं, त्यानंतर हे कोडं उलगडू लागलं. आपला ऊस, आपली ज्वारी, दोन्ही त्यांनी दाखवलेल्या वाटेनं अन्न बनवतात. तूर आणि सोयाबीन वेगळ्या वाटेनं. कमी पाण्यात ज्वारी का तगते, याचं एक कारण तिथं आहे. पण तो स्वतंत्र विषय आहे, आज नको.

मुद्दा परत सांगतो, कारण तोच निसटतो. दिसलं ते लिहा. पट्टीखाली निळं दिसलं तर निळं लिहा, आणि खाली लिहा की कुंडी अंधारात ठेवली नव्हती. लातूर पॅटर्नच्या परीक्षेच्या तयारीनं आपल्या पोरांना डॉक्टर केलं, त्याचा मला अभिमान आहे. पण उद्या त्याच पोरानं तापमापकात १०२ दिसत असताना, एव्हाना ताप उतरायला हवा म्हणून ९९ लिहिलं, तर? ती सवय आठवीच्या वहीतच लागते हो. गुरुजींनो, बाईंनो, ज्या वहीत प्रयोग फसल्याचं खरंखरं लिहिलंय तिचे गुण कापू नका.

झाडाचं म्हणाल तर जास्वंदच पाहिजे असं नाही. पावसाळ्यात कुंडीत सोयाबीनचे चार दाणे टाका. पान पातळ, रंग लवकर सुटतो, पिष्टही चांगलं साठतं, आणि बियाणं तर घरोघरी आहे.

वेळ संपत आली असं समोरून खुणावताहेत. हायड्रिलाचे बुडबुडे मोजायचं राहूनच गेलं, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की ते कसे वाढतात तेही. असो. 'तास पुरत नाही' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. शनिवारची शाळा सकाळची असते. सुटताना कुंडीला पाणी घाला, अंधाऱ्या खोलीत ठेवा, खिडकीला पोतं लावा आणि शिपाईमामांना सांगून ठेवा की दार उघडू नका. सोमवारी पहिल्या तासाला एक पान तोडून बघा. पिवळटच राहिलं, तर मग पट्टी लावा आणि कुंडी उन्हात काढा.